मदत हवी आहे: पेशींचा थर 40 टक्के ताणूनही विभाजनं वाढत नाहीत

तन्यता: नमस्कार. पीडीएमएसच्या (ताणता येणारं सिलिकॉन रबर) पट्टीवर (रबर आणि घट्ट करणारा घटक 10:1, 80 अंशांवर 2 तास) फायब्रोनेक्टिन (पेशींना चिकटायला मदत करणारं प्रथिन) लावून एमडीसीके पेशींचा (कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या पेशी) सलग थर वाढवते आहे. क्लॅम्पमधलं अंतर 20 मिमी, पट्टीची रुंदी 10 मिमी. सगळ्या पेशी एकाच टप्प्यावर याव्यात म्हणून आदल्या रात्री मीडियममधलं सीरम (पेशींना वाढीची चालना देणारा रक्तद्रव) काढते. पट्टी 28 मिमीपर्यंत ताणून तासाभराने फिक्स करते (पेशी रसायनाने आहेत तशा गोठवते), मग फॉस्फो-हिस्टोन एच3चं स्टेनिंग, म्हणजे विभाजत असलेल्या पेशी रंगून दिसतात. ताणलेल्या आणि न ताणलेल्या पट्टीवरच्या 200-200 पेशी मोजल्या, काहीच फरक नाही. काय बदलू?

कणाकणाने: आधी पट्टीच बदला. लांबट पट्टीच्या कडा मोकळ्या असतात. पीडीएमएसचं आकारमान जवळपास कायम राहतं, त्यामुळे लांबी 1.4 पट झाली की रुंदी 0.85 पटीवर येते. म्हणजे पेशींना मिळालेलं क्षेत्रफळ फक्त 18 टक्के जास्त, आणि आडव्या दिशेने तर त्या चेपल्याच गेल्या! क्लॅम्पमधलं अंतर 10 मिमी आणि रुंदी 40 मिमी घ्या. मग रुंदी फारशी आक्रसत नाही. फोटो मात्र मधल्याच भागाचे घ्या, कडेला तीच आक्रसण्याची रड असते. पट्टीच्या खालच्या बाजूला मार्करने 2 मिमीचा चौकोन काढून ताणण्याआधी आणि नंतर मोजा. क्लॅम्पच्या स्क्रूवरचा आकडा धरू नका, पट्टी क्लॅम्पमधून सरकते.

दुसरं, सीरम काढणं बंद करा. ताणल्यावर तासाभरात जी विभाजनं दिसतात ती जी2मध्ये (विभाजनाच्या अगदी आधीचा टप्पा) थांबलेल्या पेशींची असतात. जोडी रोझनब्लॅट यांच्या गटाने 2017 साली हेच दाखवलं: ताणामुळे पिएझो1 (पेशीच्या आवरणातला, ताण ओळखणारा चॅनेल) उघडतो, कॅल्शियम आत येतं, ईआरके (संदेश पुढे नेणारं प्रथिन) जागा होतो, सायक्लिन बी (विभाजन सुरू करणारं प्रथिन) वाढतं. सीरम काढलं की बहुतेक पेशी जी1मध्येच (डीएनएची नक्कल होण्याआधीचा टप्पा) अडकतात, मग जी2मध्ये उरणार कोण? जी1मधल्या पेशींनाही ताणाने चालना मिळते, पण त्यांचं विभाजन कित्येक तासांनी येतं. ते पाहायचं तर ईडीयू (नव्याने बनणाऱ्या डीएनएत शिरणारी खूण) वापरा.

आणि 200 पेशी फारच कमी. शेकडा दोन विभाजत असतील तर हाती चारच लागणार. दर नमुन्याला निदान 2000 मोजा.

तन्यता: मनापासून आभार. पिएझो1 बंद करून पाहायला गॅडोलिनियम चालेल? आणि विभाजनाची दिशा कशी मोजू?

अक्षवृत्त: गॅडोलिनियम नेहमीच्या मीडियममधल्या फॉस्फेट-बायकार्बोनेटबरोबर साका होऊन खाली बसतं. शिवाय ते इतर चॅनेलही अडवतं. पिएझो1चा एसआयआरएनए (त्या एकाच जनुकाचं काम दाबणारा छोटा आरएनए) घ्या, सोबत स्क्रॅम्बल्ड कंट्रोल (कुठल्याच जनुकाला न लागणारा, तुलनेसाठीचा आरएनए).

दिशेसाठी फिक्स केलेल्या नमुन्यावर भिस्त ठेवू नका. विभाजनाआधी पेशी गोल होते, तेव्हा तिचा लांब अक्ष दिसतच नाही. एच2बी-जीएफपी (गुणसूत्रं चमकवणारं लेबल) आणि पेशींच्या कडांचं लेबल असलेल्या जिवंत पेशी घ्या, दर 3 मिनिटांनी फ्रेम. पेशी गोल व्हायच्या आधीच्या फ्रेममधून लांब अक्ष काढा, अॅनाफेजमधून (गुणसूत्रं दोन बाजूंना सरकतात तो टप्पा) विभाजनाचा अक्ष. दोन कोन वेगवेगळे नोंदवा: विभाजन विरुद्ध लांब अक्ष, विभाजन विरुद्ध ताण. दिशा निव्वळ योगायोगाने पडत असेल तर सरासरी 45 अंश येते.

हे दोन कोन एकत्र करायचा मोह टाळाच. हर्टविग यांचा 1884चा लांब अक्षाचा नियम (पेशी आपल्या लांब अक्षाच्या दिशेने विभाजते) बहुतेक वेळा लागू पडतो. पण एमडीसीकेमध्ये ई-कॅडहेरिन (शेजारच्या पेशींना जोडणारं प्रथिन) एलजीएनला (विभाजनाची दिशा ठरवणारं प्रथिन) जोडांपाशी खेचतं, आणि पेशी लांबट नसली तरी विभाजन ताणाच्या दिशेला वळू शकतं. सरळ ताणलेल्या थरात आकार आणि ताण एकाच दिशेला असतात, त्यामुळे तुमच्या आकडेवारीत ज्यांचा लांब अक्ष ताणाला आडवा आहे अशा पेशी निवडून वेगळ्या पाहा. खरं उत्तर त्यांच्यातच मिळेल.