मॅट वार्निशनंतर मिनिएचरवर पांढरट झाक: रंग न उतरवता घालवता येईल का?

बारीक_रेघ

२८ मिमीच्या प्लास्टिकच्या मिनी (टेबलावरच्या खेळातल्या छोट्या मूर्ती) आहेत. काळा प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), त्यावर पाण्यातले अ‍ॅक्रिलिक रंग ब्रशने, घड्यांमध्ये वॉश (खाचांत उतरणारा पातळ गडद रंग). दोन दिवस वाळू दिल्या आणि कॅनमधलं मॅट (चमक नसलेलं) वार्निश मारलं (सॉल्व्हंटवालं). हवा बरीच दमट होती. अर्ध्या तासात काळा झगा आणि गडद निळे भाग राख फासल्यासारखे दिसायला लागले. चेहरे आणि फिकट भाग ठीक आहेत. बोटाने घासून झाक निघत नाही. त्यातल्या एकीवर तेच वार्निश पुन्हा मारलं, तर ती आणखीच पांढरी झाली.

रंग उतरवायची अजिबात इच्छा नाही. ऑलिव्ह ऑइल चोळा असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं दिसतं. त्यात तथ्य आहे का?

---

टोकदार_ब्रश

पहिलं काम म्हणजे कॅन बाजूला ठेवा. कारण कळल्याशिवाय वर आणखी मॅट चढवू नका.

आता पाण्याची चाचणी करा. स्वच्छ ब्रश पाण्यात बुडवून पांढरट भागावर पातळ ओल फिरवा आणि ओलं असतानाच बघा.

ओल लागताच काळा पुन्हा काळा दिसला, तर खालच्या रंगाला काही झालेलं नाही. वार्निशच्या थरात सूक्ष्म पोकळ्या राहिल्यात किंवा पृष्ठभाग खरखरीत झालाय, त्यावर प्रकाश विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. पाण्याने त्या पोकळ्या तात्पुरत्या भरल्या, म्हणून रंग परत आला. पाण्याच्या जागी कायमचं काहीतरी भरलं की काम झालं, आणि ते काहीतरी म्हणजे ग्लॉस (चकाकणारं) वार्निश.

ओलं असतानाही पांढरं तसंच दिसलं, तर तिथे भुकटी साचली आहे. ग्लॉसने ती पूर्ण जाणार नाही.

तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार जास्त संभवतो. असं करा:

पाण्यातलं अ‍ॅक्रिलिक ग्लॉस वार्निश घ्या. बाटली जोरात हलवू नका, बुडबुडे होतात. हळूहळू उलटीसुलटी करा. चार थेंब वार्निशला एक थेंब पाणी. मऊ सिंथेटिक ब्रशने एका वेळी एकच भाग घ्या, झग्याची एक बाजू किंवा एक हात. थर पातळ हवा, पण सगळीकडे पोचलेला. घडीत साचलेलं वार्निश कोरड्या ब्रशच्या टोकाने लगेच टिपून घ्या. अर्धवट वाळलेल्या थरावर परत ब्रश फिरवायचा मोह टाळा, तो थर ओढला जाऊन नव्याने दुधाळ होतो. ओलं असताना ग्लॉसही जरा पांढरट दिसतं, त्याने घाबरू नका.

पहिला थर पोकळ्यांमध्ये शिरतो, त्यामुळे झाक अर्धीच गेल्यासारखी वाटेल. दोनेक तासांनी दुसरा द्या. मग रात्रभर ठेवा. मिनी आता चकाकेल, ते अपेक्षितच आहे. चकाकी मारायला मॅट शेवटी द्यायचं, आणि तेही हवा कोरडी असताना.

---

थिनरवाला

वरचं बरोबर आहे. कारण थोडं सविस्तर, म्हणजे पुन्हा तेच होणार नाही.

कॅनमधला सॉल्व्हंट झपाट्याने उडतो आणि उडताना पृष्ठभाग थंड करतो. हवेत बाष्प भरपूर असेल तर ते त्या गार थरावर जमतं आणि वार्निश आवळायच्या आत त्यात अडकतं. नंतर पाणी उडून जातं, पोकळ्या राहतात. दुसरा हात मारल्यावर झाक वाढली त्याचंही हेच कारण: हवा तीच, दमटपणा तोच.

सॉल्व्हंटवाल्या थराला आणखी एक उपाय आहे. एअरब्रशमधून (रंग फवारायच्या छोट्या बंदुकीतून) लॅकरचा लेव्हलिंग थिनर, म्हणजे थर सपाट बसवणारा सॉल्व्हंट, अगदी हलका, धुक्यासारखा मारायचा. त्यात सावकाश उडणारा रिटार्डर असतो, वार्निश किंचित मऊ होऊन पुन्हा सपाट बसतं आणि पोकळ्या मिटतात. पण जास्त पडला तर तोच थिनर खालचा अ‍ॅक्रिलिक रंग सुरकुतवतो. हात बसलेला नसेल तर या वाटेला जाऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा विचार तर मुळीच नको, झाकेच्या आधी रंग निघेल.

---

राखाडी_प्रायमर

ऑलिव्ह ऑइलबद्दल: चालतं, म्हणूनच सांगितलं जातं. तेल पोकळ्या भरतं आणि काळा लगेच खुलतो. अडचण नंतरची आहे. ऑलिव्ह ऑइल वाळून कडक होत नाही. त्यावर मॅट मारलं तर ते जागोजागी गोळा होऊन मागे सरकतं किंवा पुढे सोलून निघतं. तसंच ठेवलं तर धूळ धरतं आणि हाताळताना पुसलं जातं. कपाटात ठेवायच्या मॉडेलला एक वेळ ठीक, खेळात रोज हातात येणाऱ्या मिनीला नाही. जवसाचं तेल वाळतं, पण वेळ फार घेतं आणि पुढे पिवळं पडतं. ग्लॉस हाताशी असताना तेलाचा खटाटोप कशाला?

---

बारीक_रेघ

सर्वांचे आभार. चाचणीत झगा ओला होताच काळा झाला. ग्लॉसचे दोन थर दिले, सपाट भागावरची झाक पूर्ण गेली. पण झग्याच्या खोल घड्यांत आणि काखेत पांढरे कण अजून आहेत, हाताला खरखरीत लागतात. दोनदा मारलेल्या मिनीवर हे जास्त आहे. आणि एक, मॅट दिल्यावर काळा परत फिका पडणार नाही ना?

---

टोकदार_ब्रश

खरखर लागते म्हणजे ती भुकटी आहे. कॅन लांब धरला की थेंब हवेतच वाळतात आणि धुळीसारखे येऊन बसतात. दुसरी शक्यता सिलिकाची, म्हणजे वार्निशला मॅट करणाऱ्या बारीक पुडीची. ती कॅनच्या तळाशी बसते, आणि नीट हलवलं नाही तर गुठळ्या होऊन बाहेर पडते.

ग्लॉस पूर्ण वाळल्यावर लाकडी टूथपिकचं टोक किंचित बोथट करून कण खरवडून काढा, जोर न लावता. उरलेल्यावर ग्लेझ (पारदर्शक पातळ रंग): काळा रंग एक भाग, ग्लेझ मीडियम (रंग पारदर्शक करणारा द्रव) तीन भाग, एखादा थेंब पाणी. ग्लॉसवर ग्लेझ घसरून गोळा होतो, म्हणून ब्रश जवळजवळ कोरडा ठेवून फक्त घडीच्या तळाशी टेकवत जा. दोन-तीन फेऱ्यांत कण दिसेनासे होतात.

मॅटने काळा थोडा उतरणारच, तो दोष नाही. पृष्ठभाग खडबडीत करूनच मॅट चमक मारतं, त्यामुळे काळ्याची खोली कमी होते. अल्ट्रा मॅट गडद रंगांवर वापरूच नये, असं माझं ठाम मत आहे. झग्याला ब्रशने सॅटिन (मंद चमकेचं वार्निश) द्या, चेहऱ्याला मॅट. धातूच्या रंगांना ग्लॉस किंवा सॅटिन, मॅटखाली ते शिशासारखे दिसतात.

---

थिनरवाला

पुढच्या वेळी कॅनच वापरणार असाल तर एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. ६० टक्क्यांच्या वर मी कॅन उघडत नाही. तापमान १५ ते २५ अंश. कॅन गार असेल तर दहा मिनिटं कोमट पाण्यात उभा करा. उकळतं पाणी कधीच नाही, डबा फुटतो. आतली गोळी वाजायला लागल्यापासून पुढे दोन मिनिटं हलवा. अंतर २० ते ३० सेंमी, फवारा मिनीच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच संपवायचा. थर ओलसर दिसला पाहिजे, पण ओघळायला नको. तोंडाला सॉल्व्हंटचा मास्क, साधा धुळीचा चालत नाही.

आणि आधी काळा प्रायमर मारलेल्या प्लास्टिकच्या चमच्यावर मारून तासभर थांबा. फिकट रंगावर ही झाक लपते, काळ्यावर लगेच दिसते.

---

राखाडी_प्रायमर

एक भर. झाक फक्त डेकॅलच्या (वर चिकटवायच्या पातळ छापील चित्राच्या) कडेला किंवा खाली चंदेरी दिसत असेल तर तो वार्निशचा दोष नाही, डेकॅलखाली हवा अडकलेली असते. त्यावर कितीही ग्लॉस चढवलं तरी जात नाही. वार्निशच्या आधीच सुईने बारीक भोकं पाडून डेकॅल सॉफ्टनर (डेकॅल मऊ करणारा द्रव) सोडावा लागतो. तुमच्या उरलेल्या मिनींवर डेकॅल असतील तर मॅटला हात लावण्याआधी ते उजेडात तिरके धरून तपासा.