नाव एक, कारभार वेगळे

कुणीतरी विचारलंय, ‘ई. कोलाय हा जिवाणू सगळ्यांच्याच पोटात असतो, मग लघवीच्या कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) आला म्हणून एवढा गहजब का?’ अहो, आडनाव एक म्हणून स्वभावही एकच असतो का?

आतड्यात निमूट राहणारे त्याचे वाण, म्हणजे उपप्रकार, वेगळे. मूत्रमार्गाला त्रास देणाऱ्या वाणांना केसासारखे बारीक तंतू असतात आणि तंतूंच्या टोकाशी मूत्राशयाच्या पेशींवरची मॅनोज साखर पकडणारं प्रथिन. म्हणून लघवीच्या धारेतही ते चिकटून राहतात. मूत्रपिंडापर्यंत चढणाऱ्यांकडे बहुतेकदा आणखी वेगळे, पी जातीचे तंतू सापडतात. नवजात बाळाच्या मेंदुज्वरात बहुधा के१ नावाच्या आवरणाचा वाण असतो. ते आवरण आपल्याच पेशींवरच्या साखरेसारखं असल्याने प्रतिकारशक्ती फसते.

रक्ती जुलाब लावणाऱ्या ओ१५७ या वाणाची तर तऱ्हाच निराळी. साध्या मॅकॉन्की प्लेटवर (जंतू वाढवायच्या, लॅक्टोज साखर घातलेल्या थाळीवर) इतरांसारख्याच गुलाबी वसाहती. लॅक्टोजच्या जागी सॉर्बिटॉल हा साखरेसारखा पदार्थ घातला की तो झटकन पचवता न आल्याने हा पठ्ठ्या रंगहीन उगवतो आणि पकडला जातो.

पण वाणांची ही खानेसुमारी कायमची नाही. २०११ साली जर्मनीत ओ१०४ या वाणाने ५० हून अधिक बळी घेतले. तो मूळचा आतड्याला थरांनी चिकटणारा वाण, त्याला एका विषाणूमार्फत शिगा विषाचं (आतडी आणि मूत्रपिंडांना घातक विषाचं) जनुक मिळालेलं. आधी आळ आला स्पेनच्या काकड्यांवर, निघाले मोड आलेले मेथीदाणे! (आपल्याकडे मोडाची उसळ शिजवून खातात ते बरंच.)

तेव्हा रिपोर्टात नुसतं ‘ई. कोलाय’ वाचून घाबरू नका, पण नमुना कुठला होता आणि त्रास काय होतोय, हे डॉक्टरांना जरूर सांगा.