रंगाआधी ओल थांबवा
दादा, भिंतीला ओल येऊन काळे डाग पडलेत अन् लेकरू रात्री खोकतं, असं तुम्ही विचारलंय. त्या डागांवर दिवाळीत डिस्टेंपर मारून टाका, असं वर कुणीतरी सुचवलंय. कृपया तसं करू नका. ओल आत तशीच राहते अन् पुढच्या झडीत बुरशी पोपड्यांसकट बाहेर येते. आधी छपरावरचे फुटलेले कवेलू (कौलं) बदला. सोयाबीनची पोती भिंतीला टेकवली असतील तर हातभर पुढे ओढा. आमच्याकडे काळा थर पोत्यांमागेच होता, बोटाला लागणारा. तो कोरडा खरवडू नका, बुरशीचे बीजाणू (ती पसरवणारे बारीक कण) हवेत उडतात. नाका-तोंडाला मास्क लावून साबणाच्या पाण्यानं पुसा, मग भिंत पूर्ण वाळू द्या. लेकराचा रात्रीचा खोकला, छातीतली घरघर दम्याचीही असू शकते. नुसत्या कफ सिरपवर राहू नका, डॉक्टरांना भिंतीचंही सांगा. तोवर त्याची खाट त्या खोलीतून हलवाच.