पगार वाढवला, तरी माणूस का जातो?

कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत पगार वाढवला तरी मिलेनियल पोरं टिकत नाहीत, अशी कारखानदारांची तक्रार असते. पण मिलेनियल म्हणजे साधारण १९८१ ते १९९६ मध्ये जन्मलेले. ती आता पोरं राहिलेली नाहीत. घराचा हप्ता, मुलांची शाळा, आईवडिलांची औषधं हे सगळं त्यांच्या डोक्यावर आहे.

पगारवाढीतली एक मेख बघा. महिन्याचं वेतन २१,००० च्या वर गेलं की ईएसआय, म्हणजे कामगार आणि त्याच्या कुटुंबाच्या उपचारांची सरकारी विमा योजना, सुटते. एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च, जी सहामाही चालू असेल ती संपेपर्यंत कपात होते, मग नाव बाहेर. हजारभर रुपये वाढले, पण आईवडिलांच्या उपचारांची सोय गेली! म्हणून वाढ देताना आईवडिलांसह ग्रुप मेडिक्लेम (कारखान्याने सगळ्यांसाठी घेतलेला आरोग्य विमा) त्याच महिन्यात सुरू करा, सहामाही संपायची वाट बघू नका.

ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचाच असतो, पण तो पगारपत्रकावर दाखवा. हातात रोख दिलेली रक्कम गृहकर्ज देणारी बँक सहसा धरत नाही.

पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरा. ही माणसं मोबाईलवर पासबुक बघतात. आधार आणि यूएएनवरचं (पीएफच्या कायम क्रमांकावरचं) नाव रुजू होतानाच जुळवा, नाहीतर पुढे क्लेम अडकतो. सोडून जाणाऱ्याची शेवटची तारीखही वेळेत नोंदवा. ती अडवून धरणाऱ्या कारखान्याचं नाव कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहाच्या गाड्यावर आठवड्यात पोचतं, आणि मग चांगला फिटर तिकडे फिरकत नाही.