टीव्ही मालिका डीव्हीडी, ब्लू-रे डिस्कवर जमवणाऱ्यांनो, आपापली दुखणी इथे लिहा

फडताळ
भाचीने परवा विचारलं, मावशी पाचवा सीझन कुठेय? चार सीझन सलग बघून संपवलेले तिने, गोष्ट ऐन रंगात आलेली, आणि कपाटात त्याच्या शेजारी थेट दुसरीच मालिका सुरू होते. पाचवा डिस्कवर आलाच नाही गं, हे तिला सांगताना इतक्या वर्षांनी परत तोच संताप आला मला. टीव्हीवर मालिका पूर्ण झाली होती हो, सात सीझन! डिस्कवर चार. प्रत्येक पुढचा सीझन आधीच्यापेक्षा कमी खपतो, नवीन माणूस काही चौथ्या सीझनपासून सुरुवात करत नाही आणि जुनी माणसं गळत जातात, मग कंपनी एक दिवस गप्प बसते. बंद केलं असं जाहीरही करत नाहीत, आपण आपले वाट बघतोय पुढच्या वर्षी येईल म्हणून.

आणि दुसऱ्या एका मालिकेचं याच्या उलट. सगळे सीझन सुटे घेऊन झाल्यावर 'संपूर्ण मालिका' असा मोठा खोका आला, त्यात एक जास्तीची डिस्क, मुलाखती आणि कापलेले प्रसंग, आणि ती डिस्क सुटी मिळत नाही. म्हणजे ज्यांनी पहिल्यापासून साथ दिली त्यांनीच सगळं परत विकत घ्यायचं.

तुमचं काय अडलं, काय हुकलं, काय अवचित सापडलं ते लिहा. 'स्ट्रीमिंगवर बघा' हा सल्ला नको प्लीज. तिथे आज असलेली मालिका उद्या नसते, म्हणून तर जमवतो आपण.

टिंबटिंब
अगदी अगदी!! आणि स्पाइनचं, म्हणजे खोक्याच्या नाव छापलेल्या कडेचं, कुणीतरी बोला. पहिले तीन सीझन जाड खोक्यात, चौथा बारीक, पाचव्याचा रंगच वेगळा, लोगो वर सरकलेला. एका रांगेत ठेवले की जीव वर-खाली होतो माझा. वाचतेय, कपडे वाळत घालून येते.

रात्रपाळी
गाण्यांचं दुखणं अजून कसं आलं नाही इथे?

'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' घ्या. मालिकाच रेडिओ स्टेशनवरची, १९७८ ते १९८२, म्हणजे गाणं मागे वाजतंय असं नाही, गाणं हाच प्रसंग. २००७ मध्ये पहिला सीझन डीव्हीडीवर आला तर बरीच मूळ गाणी गायब आणि त्यांच्या जागी कुठलंतरी बिनचेहऱ्याचं संगीत. कारण तेव्हाचे करार फक्त प्रसारणापुरते, लोक ही मालिका घरी विकत घेऊन ठेवतील हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं. मग डिस्कसाठी प्रत्येक गाण्याचे हक्क नव्याने मिळवा. २०१४ मध्ये पूर्ण सेट आला त्यात बरीचशी गाणी परत आणली, सगळी नाहीतच.

'द वंडर इयर्स' तर याच पायी अडकून पडलेली. १९९३ ला संपली, पूर्ण सेट २०१४ मध्ये. २१ वर्षं! पण त्यांनी गाणी सोडवून आणली बहुतेक सगळी, त्याबद्दल त्या लोकांना दंडवत. 'डारिया' डीव्हीडीवर २०१० मध्ये आली ती मात्र बहुतेक गाण्यांशिवाय. मला ती मालिका पाठ आहे, त्यामुळे प्रत्येक प्रसंगात कान त्या जागी जातो आणि तिथे दुसरंच काहीतरी वाजत असतं. बघणं सोडलं नाही, पण दर वेळी टोचतं.

अर्धविराम
+१ रात्रपाळी. पाठ असलेल्या मालिकेचा तो त्रास ज्याला झालाय त्यालाच कळतो.

सेतूपार
रीजन कोड!!! एवढंच लिहून थांबणार होतो पण राहवत नाही. डीव्हीडीचे सहा प्रदेश केलेत, अमेरिका १, युरोप आणि जपान २, ऑस्ट्रेलिया ४, आपण ५. ब्लू-रेला तीनच, ए बी सी, तरी अडायचं ते अडतंच. आणि जी मालिका हवी ती नेमकी एकाच प्रदेशात निघालेली असते. मी पैसे देऊन अस्सल डिस्क घेतोय, चोरी करत नाहीये, तरी प्लेअर मला सांगणार की ही तुझ्यासाठी नाही. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये रीजन बदलता येतो पण पाचच वेळा, पाचव्या बदलानंतर तो ड्राइव्ह कायमचा त्या प्रदेशाचा होतो. विकत घेतलेल्या वस्तूवर असली अट मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

झुळूक
माझ्याकडे त्यासाठी दोन प्लेअर आहेत एकावर एक, घरचे विचारतात दुसरा कशाला. आता हा प्रतिसादच दाखवते 😀

अर्धविराम
सेतूपार दादा, रीजनचं जाऊ दे, रीजन जुळून पण त्रास आहे. पाल (आपल्याकडची आणि युरोपातली टीव्हीची पद्धत)! मालिका फिल्मवर सेकंदाला २४ फ्रेमने शूट केलेली, पाल डीव्हीडी चालते २५ ने, तर सरळ पळवतात. चार टक्के वेग जास्त. ४४ मिनिटांचा भाग ४२ मिनिटांत उरकतो आणि आवाज दुरुस्त केला नसेल तर सगळे किंचित चिरक्या आवाजात बोलतात. लोक म्हणतात कळतसुद्धा नाही. शीर्षकगीत ज्याने शंभरदा ऐकलंय त्याला पहिल्या सुरालाच कळतं!

कानोसा
मी जरा वेगळं लिहिते. माझ्या आईला ऐकू कमी येतं. तिच्यासाठी मालिका म्हणजे सबटायटल्स, बाकी सगळं नंतर. तिच्या आवडीची एक जुनी मालिका फार शोधून मिळाली, खोक्यावर मागे कॅप्शन असल्याचं स्पष्ट छापलंय, लावली तर काहीच नाही. मेनूत सबटायटलचा पर्यायच नाही. खूप वाचल्यावर कळलं की त्या काळच्या बऱ्याच अमेरिकन सेट्समध्ये वेगळे सबटायटल्स नसून टीव्हीने उलगडायचे क्लोज्ड कॅप्शन्स असतात आणि ते एचडीएमआयमधून पुढे जातच नाहीत. डिस्कवर आहेत, केबलमध्ये अडकतात. आई म्हणाली असू दे, मी नुसती बघते. मला नाही असू द्यायचं. कुणाला उपाय माहीत आहे का?

फडताळ
कानोसा, हे वाचून वाईट वाटलं गं. इथे कुणाला तरी माहीत असेलच, धागा वर राहू दे.

चौकट
माझा विषय एकच, चौकट. जुन्या मालिका ४:३ मध्ये (रुंदीला ४, उंचीला ३), आताचे टीव्ही १६:९. बाजूला काळ्या पट्ट्या दिसल्या की लोक तक्रार करतात म्हणून चित्राच्या वरून-खालून कापतात, नाहीतर मूळ फिल्मवर कडेला जे काही आलं असेल ते उघडं करतात. 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर'च्या एचडी आवृत्तीत त्यामुळे कडेला शूटिंगची उपकरणं दिसतात, जी कधी कुणी बघायचीच नव्हती. 'द वायर' मूळची ४:३, ब्लू-रे २०१५ मध्ये आली ती १६:९. तिथे काम निदान जपून केलंय, निर्मात्याने स्वतः त्यावर सविस्तर लिहिलं, कुठे फायदा झाला कुठे नुकसान झालं ते प्रामाणिकपणे सांगितलं. तरी मला मूळचीच हवी. दोघं माणसं चौकटीत दाटीवाटीने बसवलेली असतात ती मुद्दाम बसवलेली असतात.

आणि 'द सिम्पसन्स'. २०१९ मध्ये डिस्ने प्लसवर आली तेव्हा जुने सीझन कापून रुंद केलेले. डफ बिअरच्या कारखान्यातला विनोद, डफ, डफ लाइट आणि डफ ड्राय अशा तीन टाक्या आणि तिन्हींना वरून एकच नळ जोडलेला. वरचा भाग कापला, नळ गेला, विनोद गेला. पुढच्या वर्षी मूळ चौकटीचा पर्याय दिला पण लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा. माझ्या डीव्हीडीवर नळ पहिल्या दिवसापासून आहे.

टिंबटिंब
चौकट, तो नळ मी कधीच पाहिला नव्हता!! आज बघते.
(कपडे झाले. पाऊस यायच्या आत.)

मधली_सुट्टी
डिस्क उसनी नेणाऱ्यांवर वेगळा धागा काढा कुणीतरी. सहा डिस्कच्या सेटमधली नेमकी चौथी नेली, आता तो माणूस दुसऱ्या शहरात आणि माझा सीझन मधेच तुटलेला. एक डिस्क सुटी कुणी विकत नाही, घ्यायचा तर अख्खा सेट.

झुळूक
मधली_सुट्टी, फोन करा त्यांना, खरंच करा. मी अशी एक परत मिळवलीये, समोरच्याला आठवतही नव्हतं कुणाची ते.

जुना_रिमोट
काका लोकांनी जरा लांबण लावली तर चालेल ना. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'. ही मालिका शूट झाली ३५ एमएम फिल्मवर, पण संकलन आणि स्पेशल इफेक्ट्स झाले व्हिडिओ टेपवर, म्हणजे तयार भाग फक्त टेपच्या दर्जाचा. डीव्हीडीवर तेच धुरकट चित्र. ब्लू-रेसाठी काय केलं या लोकांनी, मूळ निगेटिव्हचे डबे काढले, प्रत्येक भाग तुकड्या तुकड्याने शोधून पुन्हा जोडला, इफेक्ट्स मूळ घटकांतून नव्याने बसवले. सात सीझन, २०१२ ते २०१४. मी पहिला भाग लावला आणि गणवेशाच्या कापडाचं विणकाम दिसलं मला. मालिका प्रसारित झाली तेव्हाही कुणी ती अशी पाहिलेली नाही.

आता दुःख. तिच्या पुढची 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' त्याच पद्धतीने बनलेल्या, त्यांना हेच सगळं करावं लागलं असतं, आणि ते झालंच नाही. नेक्स्ट जनरेशनच्या डिस्क हव्या तेवढ्या खपल्या नाहीत. ज्या वेळी एवढं कष्टाचं काम झालं त्याच वेळी लोक डिस्क घेणं सोडत होते. मला 'डीप स्पेस नाइन' जास्त आवडते. निगेटिव्ह आहेत, काम करता येतं, फक्त खर्च कुणी करत नाही. यावर मी रागावून उपयोग नाही हे कळतं मला, तरी राग येतो.

रात्रपाळी
काका, सविस्तर लिहा हो अजून, असं वाचायलाच तर येतो इथे.

अर्धविराम
खोक्यांबद्दल. मधला दातेरी गोल, ज्यावर डिस्क अडकते, त्याचे दात वाटेतच मोडतात आणि डिस्क आत मोकळी फिरत येते. ते एक. दुसरं म्हणजे पुठ्ठ्याचे घट्ट खिसे, डिस्क ओढून काढावी लागते आणि दर वेळी ओरखडा. तिसरं, दोन्ही बाजूंनी डेटा असलेल्या डिस्क! वर चित्र छापायला जागाच नाही, मधल्या कड्यावर मुंगीएवढ्या अक्षरात 'बाजू अ', आणि हातात धरायची कुठे? जागा वाचवली म्हणे. मालिका जपून ठेवायची म्हणून घेतो आपण आणि खोका असा बनवतात की जणू एकदाच बघून टाकून देणार.

फडताळ
पुसताना आतून बाहेर सरळ पुसा बरं सगळ्यांनी, गोल फिरवून नको. गोल ओरखडा डेटाच्या रेघेवरूनच जातो, तो वाचायला जास्त अवघड.

झुळूक
आणि आपोआप खराब होणाऱ्या? माझा एक सेट कधी खरचटलेला नाही, खोका नवाकोरा, डिस्कवर एक डाग नाही, आणि शेवटचे दोन भाग अडकतात. दुसऱ्या प्लेअरवर लावला, तिथेही तेच. डीव्हीडी म्हणजे दोन थर चिकटवलेले असतात, ते चिकटवणं नीट झालं नसेल तर आतून खराब होते, आपण कितीही जपा. नवीन घेतलेला सेट आधी संपूर्ण चालवून बघा, परत करायची मुदत असेपर्यंत. एवढंच सांगू शकते.

पाऊलखूण
आपल्याकडच्या जुन्या मालिका व्हीसीडीवर (व्हिडिओ सीडीवर) यायच्या त्याचं कुणी लिहिलं नाही. ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं चित्र, एका डिस्कवर जेमतेम सव्वा तास, म्हणजे तीन भाग झाले की उठा, बदला. 'भारत एक खोज'सारखी ५३ भागांची मालिका अशा हिशोबाने किती डिस्क होतात करा विचार. तरी मिळालं ते जपलंय, कारण कित्येक मालिकांचं तेवढंही आलं नाही.

सेतूपार
पाऊलखूण, खरंय. न आलेल्यांची यादी केली तर वेगळा धागा होईल.

मधली_सुट्टी
कापलेल्या भागांचं राहिलं. पुनःप्रसारणासाठी जाहिरातींना जागा करायला प्रत्येक भागातून दोनतीन मिनिटं उडवतात आणि काही डिस्क त्याच कापलेल्या प्रतींवरून काढतात. 'रोझॅन'चा पहिला सीझन असाच आला होता. 'फ्रेंड्स'चं तर गणितच अवघड, डीव्हीडीवर वाढीव लांबीचे भाग आणि ब्लू-रेवर प्रसारित झालेले, चित्र चांगलं हवं की प्रसंग जास्त हवेत ते तुम्ही ठरवा. मी दोन्ही ठेवलेत. पर्याय काय.

रात्रपाळी
एक चांगलंही लिहितो, सगळं रडगाणं नको. 'फायरफ्लाय' २००२ मध्ये चॅनेलने भाग उलटसुलट दाखवले, पहिला भाग सगळ्यात शेवटी, आणि बंदच केली. २००३ मध्ये डीव्हीडीवर चौदाच्या चौदा भाग योग्य क्रमाने आले, तीन तर तोवर प्रसारितच झालेले नव्हते. लोकांना ती मालिका खऱ्या अर्थाने डिस्कमुळे भेटली. आणि 'फॅमिली गाय' बंद पडलेली, डीव्हीडी इतक्या खपल्या की २००५ मध्ये परत सुरू केली. म्हणजे आपण घेतो त्याने फरक पडतो. पडायचा.

जुना_रिमोट
पडतो. कमी लोकांमुळे पडतो, पण पडतो.

चौकट
@कानोसा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. दोन उपाय. जुन्या टीव्हीत कॅप्शन उलगडायची सोय असेल तर प्लेअर पिवळ्या केबलने जोडा, त्यातून कॅप्शन्स जातात. नाहीतर डिस्क संगणकात घाला, व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये लावा आणि सबटायटलच्या ट्रॅकमध्ये 'क्लोज्ड कॅप्शन्स १' निवडा. मग संगणक टीव्हीला जोडा. एचडीएमआयने जोडला तरी चालतं, कारण अक्षरं तोवर चित्रावर उमटलेली असतात.

कानोसा
चौकट!! आले!!! पहिल्याच भागाला आले, रंग थोडा काळ्यावर पांढरा असा आहे पण मोठे आणि स्वच्छ. आई म्हणतेय अक्षरं जरा खाली घेता येतील का, चेहऱ्यावर येतात.

चौकट
कॅप्शनची जागा डिस्कवरच ठरलेली असते, त्यामुळे सहज हलणार नाहीत. पण बोलणारा ज्या बाजूला आहे त्या बाजूला अक्षरं मुद्दाम ठेवतात बऱ्याचदा, म्हणजे कोण बोलतंय ते कळावं म्हणून. आईंना एक-दोन भाग बघू दे, सवय झाली की त्याचा उपयोगच होईल.

टिंबटिंब
नळ पाहिला!! आणि कानोसा, आईंना कुठली मालिका ते सांग ना, माझ्याकडे दुसरा सीझन जास्तीचा असायची शक्यता आहे, तुझ्या विचारपुशीत निरोप टाकते.