खिशातला खर्च खरंच 64 वरून 39 टक्क्यांवर आला का?

कर्वेनगरवाला

मार्चमध्ये वडिलांना पंधरा दिवस ॲडमिट करावं लागलं. न्यूमोनिया, त्यात शुगर वाढलेली, पहिले सहा दिवस आयसीयू. ते बरे होऊन घरी आले, सकाळी गॅलरीत बसून पेपर वाचतात, याबद्दल डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण डिस्चार्जच्या वेळी हातात पडलेली बिलाची फाईल मी नंतर तीन रात्री वाचत बसलो होतो.

एकूण बिल 4 लाख 38 हजार. त्यात सगळ्या डॉक्टरांची फी मिळून 52 हजार. औषधं आणि कन्झ्युमेबल्स (सिरिंज, हातमोजे वगैरे) 1 लाख 71 हजार. एका अँटिबायोटिकची छापील किंमत 2,900 लावलेली. तोच कंटेंट, तेवढाच डोस, दुसऱ्या कंपनीचा, सदाशिव पेठेतल्या होलसेलवाल्याकडे 640 ला मिळत होता. बाहेरून आणू का म्हणून विचारलं, तर इथलंच वापरावं लागेल असं उत्तर मिळालं. आयसीयूतून बाहेर आणताना दोन खाटांची खोली शिल्लक नव्हती, म्हणून सिंगल घेतली. त्या दिवसापासून त्याच डॉक्टरांची तीच पाच मिनिटांची व्हिजिट 900 ची 1,400 झाली. एक्सरेचा दरही वाढला. मशीन तेच, माणूस तोच, बदलली फक्त खोली.

आता देशाचं बघा. नॅशनल हेल्थ अकाउंट्स म्हणजे देशाच्या आरोग्यखर्चाचा ताळेबंद. 2021-22 चा ताळेबंद सप्टेंबर 2024 मध्ये आला. एकूण खर्च 9 लाख 4 हजार कोटी, जीडीपीच्या 3.83 टक्के, माणशी 6,602 रुपये. लोकांनी स्वतःच्या खिशातून भरलेला वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 39.4 वर आला म्हणे. हा आकडा सगळीकडे कौतुकाने फिरतो. मला तो पटत नाही.

खर्च वाढतो कशामुळे, यावर दोन उत्तरं ठरलेली असतात: लोक जास्त जगतात आणि नवं तंत्रज्ञान महाग असतं. दोन्ही खरी आहेत. पण माझ्या फाईलमधला सगळ्यात मोठा आकडा वयाचाही नाही आणि तंत्रज्ञानाचाही नाही, तो दराचा आहे. ज्या क्षणी घासाघीस करणं शक्यच नसतं, त्या क्षणी लावलेला दर. आपल्याकडे आरोग्यखर्च वाढण्याचं पहिलं कारण हे आहे असं मी म्हणतो. ज्यांना वेगळं वाटतं त्यांनी जरूर लिहावं.

वीस_खाटा

माझं पुण्यात वीस खाटांचं हॉस्पिटल आहे. तुमचे वडील बरे झाले हे वाचून बरं वाटलं. तुमचा राग मला समजतो, पण निदान अर्धवट आहे.

तुम्ही डॉक्टरांच्या फीचा आकडा दिलात. खोलीच्या भाड्यात काय काय दडलेलं असतं तेही बघा. आयसीयूत दोन पेशंटमागे एक सिस्टर लागते, तीन पाळ्या लागतात, सुट्टीवर गेलेलीची बदली लागते. चांगली शिकलेली सिस्टर दोन वर्षांत परदेशी जाते, मग नवीन आणा, शिकवा. फायर ऑडिट, जैविक कचरा, ऑक्सिजनची लाईन, जनरेटर, एनएबीएच म्हणजे दर्जाचं प्रमाणपत्र, सगळं दरवर्षी महाग होतं. यातलं एकही बिलावर वेगळं लिहिता येत नाही, म्हणून ते औषधांच्या मार्जिनमधून निघतं. ही पद्धत चुकीची आहे हे मी मान्य करतो. पण खाटेचा खरा खर्च लावला तर पेशंट दारातूनच परत जाईल.

दुसरं, सरकारी योजनांचे दर. राज्याच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत पॅकेजचे दर खर्चाच्या खाली आहेत आणि पैसे यायला महिने लागतात. तो खड्डा कोण भरतं? रोख भरणारा पेशंट. म्हणजे तुम्ही.

आकडेमोड

कर्वेनगरवाला, तुमच्या घरच्या बिलाबद्दल वाद नाही. पण एका बिलावरून देशाचा ताळेबंद खोटा ठरवू नका.

2014-15 मध्ये सरकारचा खर्च जीडीपीच्या 1.13 टक्के होता, 2021-22 मध्ये 1.84 झाला. एकूण खर्चात सरकारचा वाटा 29 टक्के होता, तो 48 वर गेला. लसीकरण, मोफत डायलिसिस, आयुष्मान भारत, त्याआधीपासून चालू असलेली आपली जीवनदायी (आताची महात्मा फुले), हे सगळं त्या वाढीत आहे. 2012 च्या आधी ज्या घरात बायपाससाठी शेत विकावं लागायचं, त्याच घरातला माणूस आज रेशनकार्ड घेऊन ॲडमिट होतो. माझ्या आत्याच्या यजमानांची अँजिओप्लास्टी अशीच झाली. त्यांनी एक रुपयाही भरला नाही.

आणि दराचंच म्हणाल तर सरकार गप्प बसलेलं नाही. फेब्रुवारी 2017 मध्ये हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायच्या, औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत 29,600 ठरली. त्याआधी त्याची सरासरी छापील किंमत लाखाच्या वर होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या इम्प्लांटवर मर्यादा आली.

कर्वेनगरवाला

आकडेमोड, टक्केवारी बाजूला ठेवू, रुपये बघू. त्याच ताळेबंदात माणशी खिशातला खर्च 2013-14 ला 2,336 रुपये आहे आणि 2021-22 ला 2,600. आठ वर्षांत 264 रुपयांची वाढ! या आठ वर्षांत औषधं, तपासण्या, डॉक्टरांची फी किती वाढली ते तुमच्या घरातल्या कोणालाही विचारा. मधे कोविडची दुसरी लाट येऊन गेली. तेव्हा रेमडेसिविरसाठी आपण शहरभर वणवण फिरत होतो.

हा आकडा असा का येतो? घरोघरी जाऊन खर्च विचारण्याचं काम राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण करतं. सुरुवातीच्या वर्षांना 2014 च्या फेरीचा आधार आहे, नंतरच्या वर्षांना 2017-18 च्या फेरीचा. दुसऱ्या फेरीत ॲडमिट झालेल्यांचं प्रमाणच कमी भरलं. म्हणजे 2021-22 चा खिशातला खर्च त्या वर्षी कोणी घरोघरी जाऊन मोजलेला नाही, जुन्या फेरीवरून पुढे ओढलेला आहे. उलट 2022-23 च्या घरखर्चाच्या पाहणीत खेड्यांमध्ये औषधोपचाराचा वाटा 2011-12 पेक्षा वाढून 7 टक्क्यांच्या वर गेलेला दिसतो. खिसा हलका होत असेल तर हा वाटा वाढला कशाने?

सरकारचा खर्च वाढला हे मला मान्य आहे, तुमच्या आत्याच्या यजमानांचं ऐकून आनंदच झाला. पण 1.84 हा कोविडच्या वर्षाचा आकडा आहे. त्या वर्षीच्या बजेटमध्ये नुसत्या लसीसाठी 35,000 कोटी ठेवले होते. 2017 च्या आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत 2.5 टक्के गाठायचं ठरवलं होतं.

शनिवार_पेठ

माझं वय 71. मिस्टर 76. आम्ही 2006 पासून मेडिक्लेम भरतो, एकही वर्ष चुकवलं नाही. साठीपर्यंत हप्ता झेपत होता. या वर्षी दोघांचा मिळून 94 हजार आला. पेन्शन महिन्याला 31 हजार. म्हणजे तीन महिन्यांची पेन्शन हप्त्यात गेली, आजारी न पडता. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा 18 टक्के जीएसटी काढला, तेवढा श्वास मिळाला.

मला तुम्हा दोघांना हेच सांगायचं आहे की हा हप्ता तुमच्या ताळेबंदात खिशातला खर्च म्हणून धरतच नाहीत. तो विम्याच्या खात्यात जातो. पैसे मात्र माझ्याच पर्समधून जातात. शिवाय खोलीभाड्याची मर्यादा ओलांडली की क्लेममधून त्या प्रमाणात कपात होते. गेल्या वर्षी माझ्या मोतीबिंदूला 22 हजार वरून भरावे लागले. बाळा, तुझ्या सिंगल रूमचं तसंच झालं असेल, एकदा तपासून बघ.

वीस_खाटा

काकू, तुमचं बरोबर आहे. कॅशलेसची फाईल पुढे पाठवली की टीपीएवाला, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणारा, आधी खोलीचाच वर्ग बघतो.

पण कर्वेनगरवाल्यांनी दरांचा जो मुद्दा धरलाय तिथे परत येतो. दरांवर मर्यादा घालून प्रश्न सुटतो का? 21 मे 2020 ला राज्य सरकारने खासगी हॉस्पिटलांतल्या 80 टक्के खाटांचे दर ठरवून दिले. साधी खाट 4,000, आयसीयू 7,500, व्हेंटिलेटर 9,000. महागडी औषधं आणि सीटी स्कॅन त्यात धरले नव्हते. मग बिल फुगलं ते त्याच रकान्यांमध्ये. स्टेंटचंही तसंच, स्टेंट उतरला आणि पॅकेज होतं तिथेच राहिलं. एक भोक बुजवलं की पाणी दुसरीकडून येतं.

शिवाय मागणी बघा. आयसीएमआरच्या 2023 च्या अभ्यासात देशात 10 कोटी 10 लाख मधुमेही निघाले, आणि उंबरठ्यावर आणखी 13 कोटी 60 लाख. माझ्या वीस खाटांपैकी आठ-नऊ कायम शुगर आणि बीपीच्या गुंतागुंतीने भरलेल्या असतात. पाय, किडनी, हार्ट. तुमच्या वडिलांचं न्यूमोनियाचं बिल एवढं लांबलं ते शुगरमुळेच. उद्या सगळे दर निम्मे केले तरी ही माणसं येणारच आहेत.

कर्वेनगरवाला

डॉक्टर, एक भोक बुजवल्यावर पाणी दुसरीकडून येत असेल तर त्याचा अर्थ सगळी भोकं बुजवायला हवीत असा मी घेतो. 2018 मध्ये औषध किंमत प्राधिकरणाने दिल्लीच्या आसपासच्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवर 1,737 टक्क्यांपर्यंत मार्जिन निघालं. सिस्टरच्या पगारासाठी एवढं लागत नाही.

आणि दर मोकळे सोडले की काय होतं ते अमेरिकेकडे बघून कळतं. 2023 मध्ये त्यांनी जीडीपीच्या 17.6 टक्के खर्च केला, माणशी 14,570 डॉलर. तिथेही लोक म्हातारे होतात आणि इतर श्रीमंत देशांतही होतात, पण एवढा खर्च दुसरीकडे कुठेच नाही. थायलंडने 2002 मध्ये सगळ्यांना सरकारी छत्राखाली घेतलं, तेव्हा तो काही श्रीमंत देश नव्हता.

महात्मा फुले योजनेचे दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा येतात, या तुमच्या तक्रारीला मात्र माझा पूर्ण पाठिंबा आहे. सरकारने खरेदी करायची तर खरा दर द्यावा आणि वेळेत द्यावा.

सिंहगड_रस्ता

तुम्ही सगळे हॉस्पिटलच्या आतलं बोलताय. मी पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या नांदेड गावात राहते. जानेवारी 2025 ला आमच्याकडे, किरकटवाडीला, धायरीला जीबीएसची, म्हणजे नसांवर हल्ला होऊन हातपाय लुळे पडणाऱ्या आजाराची साथ आली. शेजारच्या घरातला तरुण मुलगा आधी जुलाबाने आजारी होता, आठवड्याने त्याला जिना चढता येईना. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला आणि सगळ्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. नांदेड आणि किरकटवाडी 2021 ला महापालिकेत आली, पण पाणी विहिरीतूनच यायचं, फक्त क्लोरीन टाकून.

त्या मुलाला आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायच्या अँटिबॉडीजचं महागडं औषध, द्यायचं ठरलं. वजन 60 किलो. हिशोब असा असतो की किलोमागे 2 ग्रॅम, पाच दिवसांत. म्हणजे 120 ग्रॅम, 5 ग्रॅमच्या 24 बाटल्या. त्याची आई रोज रिकाम्या बाटल्या मोजून डायरीत लिहायची, कारण बिलात एखादी जास्त लागली तर हजारोंचा फरक पडतो. पुढे सरकारने मदत जाहीर केली, पण डिपॉझिट भरताना तिने पाटल्या मोडल्या होत्या.

हा सगळा खर्च तुमच्या त्या ताळेबंदात आरोग्यखर्च म्हणून चढेल. डॉक्टरांचा दर, विम्याचा हप्ता, मधुमेह, यातलं काहीच त्याचं कारण नव्हतं. जलशुद्धीकरण केंद्र वेळेत झालं असतं तर त्या 24 बाटल्या लागल्याच नसत्या.

आकडेमोड

ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खर्च वाढला की मी तो कोणी भरला एवढंच बघत होतो. रुपयांच्या हिशोबाबद्दलही कर्वेनगरवाल्यांचा मुद्दा मानतो, 264 रुपयांवर माझ्याकडे उत्तर नाही. सरकारचा वाटा वाढला यावर मात्र ठाम आहे.

कर्वेनगरवाला

काकूंच्या सांगण्यावरून क्लेम तपासला. खोलीच्या वर्गामुळे 61 हजारांची कपात झाली होती, मला कळलंही नव्हतं.

काल फाईल घेऊन परत गेलो. राज्याच्या 2021 च्या नर्सिंग होम नियमांप्रमाणे पंधरा सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद लोकांना दिसेल अशी लावायची असते. रिसेप्शनवर विचारलं, तर मुलीने आत जाऊन विचारून येते म्हणून सांगितलं. वीस मिनिटांनी झेरॉक्स आणून दिली. खोलीभाडं आहे, डॉक्टरांची व्हिजिट आहे, नर्सिंग आहे. ते 2,900 चं इंजेक्शन तिच्यात कुठेच नाही.