अनुभव धागा: बेळगावभोवती एका दिवसाची विनामूल्य सायकल फेरी

धागा काढणारा
बेळगावच्या भोवतीची गावं धरून एका दिवसात पुरी होणारी, कुणाकडून एक रुपया न घेता भरवायची सायकल फेरी. यात ज्यांचा हात बसलाय त्यांनी लिहा. किस्से दुसऱ्या धाग्यात. इथं मार्ग, वेळ, सामान, परवानगी आणि कुठं काय बिघडतं एवढंच. मार्ग असा धरू: येळ्ळूर, धामणे, हलगा, सांबरा, मुचंडी, काकती, कंग्राळी, उचगाव, बेळगुंदी, बिजगर्णी, किणये, मच्छे, परत येळ्ळूर. आतले फाटे कुठले घेता त्यावर अंतर कमी-जास्त होईल. हिशोबाला शंभर किलोमीटर घेऊ.

मार्ग आखणारा
फेरी याच दिशेने न्या, आधी पूर्व आणि मग पश्चिम. हलगा-सांबरा बाजू काळ्या मातीची, उघडी. झाडाची सावली कमी. ती ऊन तापायच्या आत संपली पाहिजे. बेळगुंदी-किणये बाजूला चढउतार आहेत, पण सावली आहे. उलट फिरवलात तर दमलेली माणसं भर दुपारी उघड्यावर येतात. शिवाय हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून असतो, तो सकाळी पाय ताजे असताना तोंडावर घेतलेला बरा.

राजहंसगड, म्हणजे येळ्ळूरचा किल्ला, वाटेवरच दिसतो, म्हणून सगळ्यांना वर न्यायचा मोह होतो. नेऊ नका. चढ कसाही चढतील, हवं तर ढकलत. उतारावर साध्या सायकलीचे ब्रेक तेवढा वेग धरत नाहीत, तेही गर्दीत. ज्यांना जायचंय ते फेरी संपल्यावर जातील.

पुणे-बेंगळुरू महामार्ग दोनदा आडवा येतो, हलग्याजवळ आणि काकतीजवळ. दोन्हीकडं पुलाखालूनच पार व्हायचं. दुभाजकाच्या फटीतून सायकल उचलून नेणारा एक निघाला की मागून दहा जातात. म्हणून तिथं शिट्टी घेतलेली दोन-दोन माणसं हवीत. सेवा रस्त्यावर उलट्या दिशेने येणाऱ्या दुचाकी गृहीतच धरा.

वळणांवर फक्कीचे बाण मारा. बाण वळणावर नको, वळणाच्या तीस पावलं आधी, आणि वळून पुढं गेल्यावर खात्रीचा आणखी एक. आदल्या संध्याकाळी मारलेले बाण उसाच्या ट्रॅक्टरखाली पुसले जातात. पहाटे पुढं जाणाऱ्या दुचाकीवर फक्कीची पिशवी ठेवा.

वेळेचा हिशोब
सगळा घोळ इथं होतो. वेगवाले ताशी 25 ने जातात, बिनगिअरचे थांबे धरून ताशी 12 ने. सहाला सुटलात तर 25 किलोमीटरच्या थांब्यावर पहिला सातला आणि शेवटचा 8:05 ला. पन्नासला पहिला आठला, शेवटचा 10:10. पंचाहत्तरला नऊ आणि 12:15. शेवटी दहा आणि 2:20. म्हणजे पन्नासच्या थांब्यावरच्या माणसांना दोन तास दहा मिनिटं हलता येत नाही. हे त्यांना आधी सांगा, नाहीतर साडेनऊला ती घरी जातात आणि खऱ्या गरजेच्या लोकांना रिकामं टेबल मिळतं.

ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेरीत, 200 किलोमीटरला साडेतेरा तास असतात, म्हणजे ताशी पंधराच्या जरा खाली. ती मर्यादा इथं लावू नका. गावातला माणूस साध्या सायकलवर यावा असं वाटत असेल तर बाराच धरा, आणि थांबा बंद व्हायची वेळ प्रत्येकाच्या चिठ्ठीवर छापा. वेळ टळली की दोनच वाटा: मागून येणाऱ्या पिकअप गाडीत बसायचं, नाहीतर “मी आता माझ्या जबाबदारीवर” म्हणून नावापुढं सही करायची.

परवानगी आणि तारीख
अर्ज पोलीस आयुक्तालयात, कन्नडमध्ये, किमान पंधरा दिवस आधी. सोबत नकाशा, गावांची नावं क्रमाने, सुटायची आणि संपायची वेळ, दोन जबाबदार माणसांचे नंबर. शिक्क्याच्या प्रती वाटेवरच्या प्रत्येक ठाण्यात स्वतः नेऊन द्या. “शर्यत” हा शब्द अर्जात, फलकात, मेसेजमध्ये कुठंच नको. शर्यत म्हटलं की रस्ता बंद, बंदोबस्त, रुग्णवाहिका, सगळे प्रश्न सुरू होतात.

1 नोव्हेंबरच्या आगेमागे तारीख धरू नका. एका बाजूला कर्नाटक स्थापनेचा राज्योत्सव, दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा काळा दिन, पोलिसांना तुमच्यासाठी माणूस नसतो. तसंच डिसेंबरात हलग्याजवळच्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असेल तर हलग्याची बाजू विसरा. फेरीच्या फलकावर मजकूर कन्नड आणि मराठी दोन्हीत, आणि कुठल्याच पक्षाचं, नेत्याचं चित्र नको. झेंडेही नकोत. हे बेळगाव आहे, सायकलीवरूनसुद्धा वाद होतो.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत नकोच. पश्चिमेला तांबडी माती रस्त्यावर येऊन घसरते, पूर्वेला काळी माती चिमट्यात भरून चाक जाम होतं. नोव्हेंबरात भाताची मळणी चालते. रस्त्यावर पिंजर (भाताचा पेंढा) पसरलेलं असतं, ते डिरेलरमध्ये (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) गुंडाळतं आणि तो ज्याला टांगलेला असतो तो हँगर मोडतो. पिंजर दिसलं की पेडल थांबवून नुसतं घरंगळत जायचं किंवा उतरायचं. सगळ्यात सोयीचा जानेवारी. उसाची वाहतूक असते, पण रविवारी पहाटे सोसते.

पंक्चर आणि दुरुस्ती
एकच ट्यूब सगळ्यांना चालत नाही, हे लक्षात घ्या की हो. साठ सायकलींना एवढं ठेवा: 28 × 1½ च्या चार ट्यूब, 26 च्या चार, 27.5 आणि 29 च्या दोन-दोन, 700 च्या तीन. व्हॉल्व तीन तऱ्हेचे येतात: साध्या सायकलचा रबरी नळीवाला, मोटारसायकलसारखा, आणि बारीक प्रेस्टा. पंपाचं तोंड तिन्हीला बसतंय का ते घरीच बघा. रबरी व्हॉल्व ट्यूब हातभर घ्या, रुपया-दोन रुपयांची वस्तू नसली की सायकल पिकअपमध्ये जाते.

पूर्वेच्या बाजूला बाभळीचा काटा. ट्यूब बदलायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं. काटा तिथंच राहिला तर दुसरी ट्यूबही पाच मिनिटांत पंक्चर होते. शेजारी-शेजारी दोन भोकं दिसली तर काटा नव्हे, हवा कमी होती आणि गतिरोधकावर रिमने ट्यूब चावली. 26 × 1.95 ला 40 ते 50 पीएसआय, 700 × 32 ला 60 ते 70. सोल्युशन लावून चार-पाच मिनिटं वाळू द्या, ओलं असताना पॅच चिकटवला की किलोमीटरभरात सुटतो. फोडलेली सोल्युशनची नळी महिन्याने वाळून गेलेली असते, नवीनच घ्या.

बाकी: 15 चा पाना, ॲलन की 4, 5, 6, चेन तोडायचं हत्यार, सात-आठ आणि नऊ गिअरच्या चेनचे जोड, चार कॉटर पिन (पेडलचा दांडा, म्हणजे क्रँक, धरून ठेवणारी खीळ) आणि हातोडी. जुन्या सायकलीची कॉटर पिन पन्नास किलोमीटरनंतर सैल होते आणि पेडल “कटक कटक” करतं. तसंच दामटलं तर क्रँकच खराब होतो. सुटायच्या आधी पेडल आडवं धरून दोन्हीकडून हलवून बघा.

पाणी-खाणं
तीन थांबे, प्रत्येकी वीस लिटरचे चार कॅन. साठ जण एकेक लिटर भरतात, वीस लिटर हात-तोंड धुण्यात जातं. ते थांबवायचं तर कॅनला नळ लावा, तांब्या ठेवू नका. बाटल्यांचा खोका अजिबात नको. रिकाम्या बाटल्या शेतात दिसल्या की पुढच्या वर्षी ते गाव थांबा देत नाही. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरची असते, पेल्यात सोडायची नाही. माणशी दोन केळी, म्हणजे दहा डझन, आणि गूळ-शेंगदाणे. कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) शेवटी. मधल्या थांब्यावर कुंदा खाल्लेला माणूस बेळगुंदीच्या चढाला दिसतोच. उचगावच्या बाजूला हॉटेलात नाश्ता ठेवणार असाल तर आदल्या दिवशी प्लेटा सांगा आणि ज्याने-त्याने आपले पैसे द्यायचे, हे फेरी फुकट असली तरी स्पष्ट करा.

टी-शर्टला विरोध असणारा
टी-शर्ट, मेडल, स्टेज नको. एकदा टी-शर्ट आला की माप, नोंदणीची अखेरची तारीख, प्रायोजक आणि प्रायोजकाचं भाषण आलंच. सूर्य डोक्यावर येतो आणि फेरी सुटलेली नसते. फुकट फेरीत तीन गोष्टी मात्र सोडता येत नाहीत: मोजणी, मागची गाडी, प्रथमोपचार. पैसे तिथं घाला.

मागच्या गाडीवरचा
मोजणीबद्दल. सुटताना नंबराची चिठ्ठी हँडलला, प्रत्येक थांब्यावर वहीत खूण, आणि थांबा बंद होताना न आलेले नंबर पुढं-मागं दोन्हीकडं फोनवर. सगळ्यात वेळ खाणारा माणूस दमलेला नसतो, तर न सांगता मधूनच घरी गेलेला असतो. मच्छेवरून घर जवळ दिसलं की कितीतरी तिकडंच वळतात. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात: “मध्येच सोडलं तर या नंबरला मेसेज.”

पहिला तास अंधाराचा, जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो. मागं लाल दिवा नसलेल्याला सोडायचं नाही. आठ-दहाचे गट, गटांत दोनशे मीटर अंतर, नाहीतर बस ओलांडायला जाते आणि अर्ध्यावर अडकते. उसाच्या दोन ट्रॉल्यांना मागं दिवा नसतोच असं समजून चाला.

अपघात झाला तर 108 किंवा 112. बाची-शिनोळीच्या अंगाला, म्हणजे राज्याच्या सीमेजवळ, फोन महाराष्ट्राच्या टॉवरला लागू शकतो आणि फोन तिकडच्या केंद्रात जातो. म्हणून पहिलं वाक्य “कर्नाटक, बेळगाव तालुका, अमुक गाव” असंच. गटात एकाला तरी कन्नड यावं.

नवीन
पिकअपमध्ये सायकली किती बसतात? छोटा हत्ती ठरवलाय.

मागच्या गाडीवरचा
उभ्या लावल्या तर आठ. एक पुढं तोंड, एक मागं. हँडल सैल करून आडवं फिरवायचं, डिरेलरची बाजू दुसऱ्या सायकलीला लागू द्यायची नाही, मधे जुनी पोती. दोरीऐवजी ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या घ्या, त्या रंग खरवडत नाहीत आणि लवकर सुटतात.